एकोणीस गणपती आणि एक बंद मशीन

मिलला कुलूप लागून चौथं वर्ष सरत आलं, तरी टोकेकरांच्या घरात ‘बंद’ हा शब्द कुणी काढत नसे. मिल ‘थांबलेली’ होती. आगगाडी सिग्नलला थांबते, तशी. लक्ष्मीकांत टोकेकरांनी तिच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं काढली होती. कोण किती वाजता आत आला आणि कोण किती वाजता सटकला, एवढंच लिहायचं काम. पण त्या रजिस्टरात एका मिनिटाची हेराफेरी कधी झाली नाही. एकदा त्यांनी स्वतःला सात मिनिटं लेट लिहिलं होतं. ही गोष्ट ते अजून अभिमानाने सांगत, आणि वसुंधरा अजून कपाळावर हात मारून घेई.

वसुंधरा साड्यांना फॉल-पिको करायची. घर त्यावर चाललं होतं, हेही कुणी काढत नसे.

तिच्या भावाचं, देवदत्तचं, इंदूरच्याच सियागंज बाजारात हार्डवेअरचं दुकान होतं. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, “जिजाजी, घरात बसून काय करता? दुकानात या की. काम काहीच नाही. स्टूलावर बसायचं, गिऱ्हाईक खिळे खिशात घालतंय का तेवढं बघायचं.”

देवदत्त मनाने वाईट नव्हता, जिभेने होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगणार, ‘ये हमारे जिजाजी हैं, पहले मिल में बाबू थे’, आणि लोक ‘अच्छा-अच्छा’ म्हणणार. ते ‘अच्छा-अच्छा’ वसुंधरेला रामबागेतल्या घरात बसल्या बसल्या ऐकू यायला लागलं. ती म्हणाली, “अरे, हे झेरॉक्सचं दुकान टाकताहेत. पुढच्या खोलीत. समोर शाळाच आहे.”

लक्ष्मीकांतांना ही बातमी त्याच वेळी कळली. पण बायकोला चारचौघांत खोटं पाडायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी मान हलवली.

देवदत्त हसला. “टाका, टाका. संक्रांतीपर्यंत चाललं तर माझ्याकडून तिळाचे लाडू. नाही चाललं तर त्यानंतरच्या सोमवारी स्टूल.”

नवी मशीन घेण्याची ऐपत नव्हती. फंडाचे म्हणून जे मिळाले होते, तेवढेच होते. मग रविवारच्या पेपरात जाहिरात दिसली. जपानी झेरॉक्स मशीन, घरेलू इस्तेमाल, मराठी परिवार, तबादले के कारण तुरंत बेचना है.

“घरगुती वापर?” वसुंधरा म्हणाली. “झेरॉक्सचा घरगुती वापर काय असतो हो? पोळ्या कमी पडल्या की काढतात?”

पण लक्ष्मीकांतांची नजर ‘मराठी परिवार’ या दोन शब्दांवर खिळली होती.

नव्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर, रघुवीरराव नावाच्या पस्तिशीच्या गोऱ्या माणसाने दार उघडलं. खोलीत दोन खुर्च्या, एक मशीन आणि भिंतीवर शिवाजी महाराज. “या या काका, या काकू. चपला असू द्या हो, घर आपलंच आहे. मूळचे कुठले आपण?”

“साताऱ्याकडचे,” लक्ष्मीकांत म्हणाले.

“काय सांगता! आम्हीसुद्धा! कुलदैवत?”

“पालीचा खंडोबा.”

“आमचाही!” रघुवीरराव गहिवरले. वसुंधरेच्या मनात आलं, अजून दोन प्रश्न झाले तर हा आमचा भाचा निघेल.

मशीनवरची कंपनीच्या नावाची पट्टी उडालेली होती. रघुवीररावांनी बटण दाबलं, घरघर सुरू झाली. त्यांनी खिशातून खजराण्याच्या गणपतीचा फोटो काढला, काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं, डोळे मिटले. आतला दिवा इकडून तिकडे फिरला आणि बाजूने एक कोमट कागद बाहेर आला. त्यावर गणपती. काळाभोर, स्वच्छ, सोंडेवरची नक्षीसुद्धा दिसत होती. पुन्हा बटण. पुन्हा गणपती.

वसुंधरा घरून रेशनकार्ड घेऊन आली होती. तिने पर्स उघडली. “एक याची काढून बघू या का?”

“अगं!” लक्ष्मीकांतांनी तिचा हात धरला. “गणपतीनंतर लगेच रॉकेलचा हिशेब?”

“काकू,” रघुवीरराव हळुवारपणे म्हणाले, “बाप्पाने होकार दिल्यावर आपण परीक्षा घ्यायची का?”

रेशनकार्डाचा हट्ट धरला तर गणपतीवर अविश्वास दाखवल्यासारखं होत होतं. वसुंधरेने पर्स मिटली आणि वर हातही जोडले. पुढे ती नवऱ्याला पुष्कळ बोलली, पण आपण हात जोडले होते हे ती कधी विसरली नाही.

“कागद भरून दिलाय, ती माझी भेट,” पैसे खिशात घालत रघुवीरराव म्हणाले. “फक्त मशीन चालू केल्यावर तो ट्रे तीन दिवस उघडू नका. हवा लागते.”

संक्रांतीला दहा दिवस होते. शनिवारी सकाळी मशीनला हार घातला. देवदत्तला मुद्दाम बोलावलं होतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून शेजारच्या बेबीताई, लेकीची, शिवांगीची, मार्कशीट घेऊन आल्या. लक्ष्मीकांतांनी मार्कशीट काचेवर ठेवली, कडा जुळवल्या, बटण दाबलं.

गणपती बाहेर आला.

लक्ष्मीकांतांनी झाकण उचलून पाहिलं. आत मार्कशीटच होती. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा गणपती, तसाच, सोंडेवरच्या नक्षीसकट.

“जिजाजी,” देवदत्त म्हणाला, “गणितात तर शिवांगी नापास होती ना?”

पण बेबीताईंनी तोवर चपला काढल्या होत्या. “भाऊजी, बाजूला व्हा,” त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या आणि मशीनपुढे वाकल्या.

दीडेक वर्षापूर्वीच अख्ख्या इंदूरने चमच्या-चमच्याने गणपतीला दूध पाजलं होतं, त्यामुळे सराव होता. तासाभरात रामबागेची गल्ली भरली. कुणी विजेचं बिल ठेवलं, गणपती आला. कुणी जावयाची पत्रिका ठेवली, गणपती आला. मिलमधले जुने लोकही आले, आणि ज्यांना लक्ष्मीकांत बावीस वर्षं ‘लेट’ लिहीत आले होते, ते लोक त्यांच्या पाया पडायला लागले. लक्ष्मीकांतांचा चेहरा चार वर्षांत पहिल्यांदा असा उजळला होता. त्यांचासुद्धा विश्वास बसला होता. तेच वसुंधरेला बघवेना.

दुपारी नारळाच्या ढिगातून वाट काढत ती मशीनपाशी गेली आणि तिने ट्रे ओढला. हवा लागली तर लागली. आत चार कागद उरले होते. तिने ते उलटून पाहिले. चारींवर गणपती आधीच छापलेला होता.

म्हणजे दिवा फिरत होता, कागद सरकत होता, गरम होऊन बाहेर पडत होता. छापायचं तेवढं काम मशीनला येत नव्हतं.

तिने रिक्षा केली आणि ती कॉलनी गाठली. दुसऱ्या मजल्याला कुलूप. चौकीदार बिडी ओढत बसला होता. “मराठी परिवार?” तो म्हणाला. “वो तो पिछले इतवार था. उसके पहले पंजाबी परिवार था, फ्रिज बेच रहा था. इस घर में हर हफ्ते किसी न किसी का तबादला होता है, बहनजी.”

घरी आल्यावर तिने नवऱ्याला पडद्याआड बोलावलं आणि चारही कागद हातात दिले. त्यांनी ते एकेक करून उलटून पाहिले. मग मोरीपाशी उकिडवे बसले.

“फंडाचे सगळे होते ना गं?” ते म्हणाले.

तिला ओरडायचं होतं. पण त्यांच्या टाळूवरचे विरळ केस तेवढे दिसत होते. ती म्हणाली, “बाहेर कुणाला कळलेलं नाही. हे चार मी परत ठेवते. पुढचं उद्या बघू.”

“म्हणजे खोटी हजेरी लावू?” लक्ष्मीकांत उठले, शर्ट खोचला आणि बाहेर जाऊन सगळ्यांसमोर उभे राहिले. “मंडळी, आमची फसवणूक झाली आहे. मशीन बंद आहे.” चार वर्षांत त्या घरात हा शब्द प्रथमच उच्चारला गेला. “कागद आधीच छापलेले होते. हे पाहा. एकूण एकोणीस. नारळ ज्याचे त्याने घेऊन जावे.”

मागून मिलचा एक जुना जॉबर, खात्याचा मुकादम, म्हणाला, “देखो भिया, इसको कहते हैं विनम्रता.”

“अहो, विनम्रता नाही! हे पाहा!” लक्ष्मीकांतांनी ट्रेमध्ये कोरे कागद घातले आणि बटण दाबलं. कोरा कागद कोमट होऊन बाहेर आला. दुसराही कोरा.

बेबीताईंनी तो कोरा कागद दोन्ही हातांत घेतला. “भाऊजी,” त्यांचे डोळे भरून आले, “आता निराकार रूपात आले हो!”

देवदत्त मात्र सगळं समजला होता. जाताना तो बहिणीच्या कानाशी म्हणाला, “ताई, संक्रांत मंगळवारी आहे. पुढचा सोमवार म्हणजे वीस तारीख. स्टूल पुसून ठेवतो.”

संक्रांत झाली, आणि त्यानंतरच्या रविवारी दुपारी दारात स्कूटर थांबली. हातात नारळ, कपाळाला टिळा, साक्षात रघुवीरराव! वसुंधरेने हातातली कात्री खाली ठेवली नाही.

“भाभीजी, पहले सुन लो,” तो म्हणाला. साताऱ्याची मराठी कुठल्या कुठे गेली होती. “मला पाप लागलं. मैंने तो इक्कीसच कागज ठेवले होते. दोन आपल्यासमोर निघाले. और शहर में लोग बोल रहे हैं, पाँच सौ निकले! राजवाड्यावर एकाने मला दाखवला, त्याच्या पाकिटात होता.”

“एकोणीसच होते,” वसुंधरा म्हणाली. “एकवीसातून दोन गेले, उरले एकोणीस. पाचशे वगैरे काही नाही.”

रघुवीर मंद हसला. कुणी त्याला खरं सांगितलं की तो असाच हसत असावा. “छुपाओ मत, भाभीजी. मशीन मला परत द्या. तुमचे पैसे पूरे, वरून आणखी देतो.”

वसुंधरेच्या डोळ्यांपुढून ते स्टूल उडत उडत सियागंजाकडे परत गेलं. ती ‘घेऊन जा’ म्हणणार, तेवढ्यात आतून लक्ष्मीकांत आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “बंद मशीन मी कुणाला विकणार नाही.”

“अहो, ह्यानेच तर विकली होती आपल्याला!”

“त्याने विकली. मी त्याच्यासारखा का वागू?”

“काका, वरचे आणखी वाढवतो,” रघुवीर घाईघाईने म्हणाला. त्याला वाटलं, भाव चालला आहे.

वसुंधरेने नवऱ्याला पुन्हा पडद्याआड नेलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. या माणसाला सरळ रस्त्यावरून हलवता येत नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून रस्ताच थोडा सरकवायला हवा होता. “उद्या सोमवार आहे,” ती म्हणाली. “खोटं बोलू नका. खरं लिहून द्या. सगळं. जसं रजिस्टरात लिहायचात तसं. तरीही त्याने घेतली तर तो त्याचा प्रश्न.”

यावर मात्र त्यांनी विचार केला. मग फुलस्केप कागद घेतला, समास सोडला आणि टपोऱ्या अक्षरांत लिहायला बसले. मशीन पूर्णतः बंद आहे. तिच्यातून कसलीही प्रत निघत नाही. चमत्कार झालेला नाही. छापील कागद घेणाऱ्याने स्वतःच पूर्वी भरून ठेवले होते. हे सर्व वाचून व समजून, पूर्वीच दिलेल्या किमतीला, एक रुपयाही जास्त न देता, मशीन परत घेत आहे. तारीख. वेळ दुपारी तीन वाजून बारा मिनिटे.

तोवर दारात बेबीताई आणि मिलचे तीन-चारजण येऊन उभे राहिले होते. लक्ष्मीकांतांनी तो कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. रघुवीर प्रत्येक वाक्याला ‘हो हो, क्या बात है’ करत मान डोलवत होता. मग त्याने खाली झोकदार सही ठोकली. मिलच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. त्याने पैसे ठेवले, मशीनला नमस्कार केला, नाक्यावरून टेम्पो बोलावला आणि ती त्यात चढवताना हमालाला बजावलं, “संभाल के भिया, पैर मत लगाना.”

टेम्पो वळणापलीकडे गेला तेव्हा वसुंधरा पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली, की बेबीताईंना वाटलं रडतेच आहे.

हसू थांबलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पैसे आले. पण उद्या सोमवार तो सोमवारच.

बेबीताई मात्र गेल्या नव्हत्या. त्या लक्ष्मीकांतांच्या टेबलापाशी घुटमळत होत्या. “भाऊजी, तुम्ही असा कागद लिहिलात, की चोराने स्वतःची चोरी वाचून सही केली. माझ्या घरमालकाला एक लिहून द्याल? तीन वर्षं नळ दुरुस्त करत नाहीये.”

“टोकेकरबाबू, हमारा भी,” तो जॉबर म्हणाला. “थकीत पगाराचा दावा. कोर्टातला मुन्शी भलतंच काहीतरी लिहितो. तारखा तर तुम्हालाच ठाऊक. कौन कब आया, कौन कब गया.”

लक्ष्मीकांतांनी बायकोकडे पाहिलं. तिने मशीनच्या रिकाम्या जागी आतली खुर्ची आणून ठेवली.

“बसा,” ते जॉबरला म्हणाले आणि त्यांनी नवा फुलस्केप काढला. “पूर्ण नाव सांगा. आणि हे बघा, जिथे तुम्ही लेट आला होतात, तिथे मी लेटच लिहीन.”

वसुंधरा समोरच्या दुकानातून देवदत्तला फोन करायला निघाली.