टिंबं हरवलेली वही

मी एक वही आहे. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची, समासाला लाल रेघ असलेली. वह्यांच्या जातीत माझं जरा अवघडच आहे. गणिताची म्हणावं तर माझ्यात भूगोल निघतो आणि भूगोलाची म्हणावं तर विज्ञान. सातवीच्या एका वर्गाचं अख्खं सत्र माझ्या पोटात आहे. तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते.

कागदाच्या कारखान्यातलं माझं बालपण सांगण्यासारखं नाही. कापलं, शिवलं, गठ्ठ्यात बांधलं, संपलं. नंतर वर्गशिक्षिकाबाईंच्या कपाटात मी दीड वर्ष काढलं. शेजारी खडूंची खोकी आणि एक फुटका पृथ्वीगोल. कोरं राहण्याचा कंटाळा काय असतो, ते त्या दीड वर्षात कळलं.

मी बाहेर आले ती एका पडण्यामुळे. वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे खारूताई म्हणायचे. झाड म्हणू नका, भिंत म्हणू नका, ती वर चढलेली असायची. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत चेंडू काढायला ती कुंपणाच्या भिंतीवर चढली आणि धपकन खाली आली. मांडीचं हाड मोडलं. कमरेपर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी बजावलं, दहा आठवडे पलंगावरून हलायचं नाही.

सत्र परीक्षा अकराव्या आठवड्यात होती. मुख्याध्यापिकाबाईंनी तिच्या आईला स्पष्ट सांगितलं, "परीक्षेला बसून पास झाली तर वर्गाबरोबर राहील. नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा सातवी."

म्हणून वर्गशिक्षिकाबाईंनी मला कपाटातून काढलं, माझ्यावरची धूळ पदराने पुसली आणि वर्गाला सांगितलं, "ही वही रोज तुमच्यात फिरेल आणि संध्याकाळी खारूताईच्या घरी जाईल. ज्याला जो विषय चांगला येतो, त्याने तो लिहायचा."

सगळ्यांनी हात वर केले. पहिली पानं बघाल तर डोळ्यांचं पारणं फिटेल. शीर्षकं दोन रंगांत, आकृत्या पट्टीने, भरती-ओहोटीच्या पानावर तर कोणीतरी निळ्या लाटाही रंगवल्या. पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, माझ्या बाबतीत ते आठच भरले. नवव्या दिवशी विज्ञानवाल्याला क्रिकेटची मॅच होती, इतिहासवालीचा हात दुखत होता आणि गणितवाला म्हणाला, "मी माझंच कसंबसं लिहितो."

मी पुन्हा कपाटात जाणार, असं वाटलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात आला आणि त्याने मला दप्तरात टाकलं.

तो हात घुमीचा होता. ती खारूताईच्याच गल्लीत राहायची. उंच म्हणून बालवाडीपासून शेवटच्या बाकावर. विचारलं तर मान हलवायची, तीही अर्धी. गणिताची चाचणी फळ्यावर असायची, तीत ती दर वेळी नापास. शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव निघालं की कोणीतरी म्हणायचं, "मुलगी गरीब आहे हो, पण डोक्याने जरा मंद." माझ्यात आता सगळे विषय तीच लिहू लागली.

संध्याकाळी आम्ही दोघी खारूताईकडे जायचो. रात्री मी तिथेच राहायचे, सकाळी घुमी मला शाळेत न्यायची. एकच खोली. खिडकीशी पलंग, पलंगाच्या पायथ्याशी तिच्या आईचं शिलाई मशीन. आई दिवसभर गाऊन आणि उशांचे अभ्रे शिवायची. घुमी स्टुलावर बसायची, खारूताई मला वाचायची आणि मशीन घरघरायचं. दोन आठवडे असे सुखाने गेले.

मग गणिताच्या सरांनी दहा गणितांचा कागद पाठवला. वर्गात झालेल्या भागावरची घरच्या घरी चाचणी. खारूताईने माझी पानं घोटून घोटून वाचली, गणितं सोडवली आणि कागद परत धाडला. दहापैकी दोन बरोबर.

ती गणितात हुशार होती. दोन मार्क तिने कधी बघितलेच नव्हते. त्या संध्याकाळी घुमी आली तेव्हा खारूताईने मला तिच्यासमोर आपटलं.

"हे बघ. सरांच्या कागदावर वर्गातलंच गणित आहे, दोन पूर्णांक पाच दशांश आणि तीन पूर्णांक पंचवीस शतांश यांची बेरीज. तू लिहिलंयस पंचवीस अधिक तीनशे पंचवीस. टिंबं कुठे गेली? आणि इथे उणे सात आहे, तू नुसतंच सात लिहिलंयस. गणित येत नाही ते एक वेळ ठीक. बघून लिहायलाही येत नाही का तुला?"

"फळ्यावर होतं तेच लिहिलं मी," घुमी म्हणाली.

"काहीतरी सांगू नकोस. तुझ्यामुळे मी नापास होणार."

घुमी उठून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा आली, लिहून झालेल्या मला पलंगावर ठेवलं आणि न बसता निघून गेली. तिसऱ्या दिवशीही तसंच. मला फार वाईट वाटत होतं. तिचा हात माझ्यावरून कसा फिरतो ते मला ठाऊक होतं. ती एकेक अक्षर जपून लिहायची, घाम आला तर तळहाताखाली रुमाल ठेवायची. निष्काळजी माणूस असं लिहीत नाही. पण वहीला तोंड असतं का?

पलंगावर पडून पडून माणूस वात्रट तरी होतो, नाहीतर शहाणा. खारूताई आधी वात्रट झाली, मग चौथ्या दिवशी रात्री तिने मला पहिल्यापासून वाचायला घेतलं. विज्ञानाचा पहिलाच धडा होता, निरीक्षण, नोंद आणि अनुमान. तिने माझं शेवटचं पान उघडलं आणि मधोमध रेघ मारली, एका बाजूला बिनचूक पानं, दुसऱ्या बाजूला चुकलेली.

इतिहासाची सहा पानं, छापखान्याच्या शोधाची. एकाही सनात चूक नाही. इतिहासाच्या बाई तोंडी सांगून लिहवून घेतात. भाषेचा पत्रलेखनाचा भाग, तोही तोंडी, तोही बिनचूक. विज्ञानात बाईंनी फळ्यावर पेशीची आकृती काढली होती. माझ्यात तिच्या जागी नुसता एक गोल होता, आत काहीच नाही. गणितात टिंबं नाहीत, उण्याच्या खुणा नाहीत. गणिताचे सर फळ्याकडे तोंड करून मुकाट्याने लिहितात. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, आणि आकारही मोत्याएवढाच.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. पंचवीस अधिक तीनशे पंचवीस, उत्तर तीनशे पन्नास. घुमीने जे लिहिलं होतं, त्याचं उत्तर अगदी बरोबर होतं. पुढची सगळी गणितं तशीच. रीत कुठेच चुकली नव्हती.

"आई, तिला दिसत नसेल का गं?" खारूताई म्हणाली.

आईने मशीन थांबवलं. "काहीतरीच. परवा माझ्या सुईत तिनेच दोरा ओवून दिला. एका दमात. मला चष्मा लावूनही जमत नाही."

खारूताईने तक्ता पुन्हा वाचला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घुमी मला ठेवून वळली, तशी तिने हाक मारली, "समोरच्या औषधाच्या दुकानातलं घड्याळ बघून सांग ना, किती वाजले?"

घुमी खिडकीशी गेली. बराच वेळ उभी राहिली.

"कुठलं घड्याळ?"

मशीन आपोआप थांबलं. घड्याळ ताटाएवढं होतं.

"ये, बस इथे," आई म्हणाली. "बाळा, फळा तुला कसा दिसतो?"

"असाच. धुरकट. पांढऱ्या रेघा असतात." घुमी खाली बघत होती. "सगळ्यांना असाच दिसतो ना, काकू? हुशार मुलं उरलेलं ओळखतात. मला ते ओळखता येत नाही."

खारूताई रडायला लागली. हाड मोडलं तेव्हा ती रडली नव्हती. "मी तुला काय काय बोलले," एवढंच तिला म्हणता आलं. घुमीने तिच्या प्लास्टरवर हात ठेवला. 

रडून झाल्यावर खारूताईने शेवटच्या पानावर तक्त्याखाली सरांना पत्र लिहिलं. मायना, विषय, मजकूर, सगळं घुमीनेच माझ्यात उतरवलेल्या नमुन्याप्रमाणे. विषयात लिहिलं, 'बाक बदलण्याबाबत.' आणि अनुमान म्हणून एकच वाक्य, 'हिला गणित येतं, सर. फळा दिसत नाही.'

दुसऱ्या दिवशी सरांनी ते पान उभ्या उभ्या वाचलं. मग माझी गणिताची पानं उलटली, एकेक उत्तर ताडून पाहिलं. वर्ग वाट बघत होता. चार वर्षं ते घुमीला शिकवत होते. "लक्ष कुठे असतं तुझं?" हे वाक्य तिने सगळ्यात जास्त त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं.

"दप्तर घे," सर म्हणाले. "पहिल्या बाकावर ये. आणि बाळ, लक्ष माझं नव्हतं."

शनिवारी घुमीला तिच्या वडिलांनी चष्मा करून दिला. चष्मेवाल्याकडून ती थेट खारूताईकडे आली, खिडकीशी उभी राहिली आणि रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत सुटली. औषधाचं दुकान, सायकल दुरुस्ती, दाढी-कटिंग, घड्याळातले काटे, समोरच्या गच्चीवरचे कपडे. अर्धा तास तोंड बंद नाही. "हिला घुमी कोण म्हणालं?" असं खारूताईची आई हसत हसत म्हणाली आणि डोळे पुसून पुन्हा मशीनवर बसली.

मग त्या दोघी माझ्यावर वाकल्या. सरांकडून मूळ गणितं आणली होती. घुमी पान पान मागे गेली आणि जिथे जिथे टिंब हरवलं होतं, तिथे तिथे पेन्सिलीने दिलं. उण्याच्या खुणा दिल्या. पेशीच्या त्या रिकाम्या गोलात केंद्रक काढलं. माझ्यावर आजवर बरंच काही लिहिलं गेलंय, पण त्या टिंबांइतकं हलक्या हाताने कोणी काही लिहिलं नाही.

अकराव्या आठवड्यात खारूताई कुबड्या घेऊन परीक्षेला गेली. पास झाली. गणितात तिला अठ्ठ्याहत्तर मिळाले, घुमीला एकोणऐंशी. त्या एका मार्कावरून दोघी अजून भांडतात, असं ऐकते.

मला सरांनी मागून घेतलं. आता मी त्यांच्या कपाटात असते. पुठ्ठा फाटलाय, पेन्सिलीची टिंबं पुसट झालीत. पण दर सत्राच्या पहिल्या दिवशी, मुलं यायच्या आधी, सर मला काढतात. फळ्यावर एक गणित लिहितात, मला घेऊन शेवटच्या बाकापर्यंत चालत जातात आणि त्या छोट्या बाकावर गुडघे दुमडून बसतात. चष्मा काढून फळ्याकडे बघतात.

तुम्हीही शिकवत असाल, तर तुमच्याही हाती रोज वह्या येत असतील. लाल पेन उचलण्याआधी तुम्ही एकदा शेवटच्या बाकावर जाऊन बसा, एवढंच माझं मागणं आहे. सर थोडा वेळ बसतात, मग उठतात, फळा पुसतात आणि तेच गणित पुन्हा मोठ्या अक्षरात लिहितात.