सपाट गल्लीतला ठोकळा

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. मित्रांनो, माझ्यात बघण्यासारखं काही नाही. एका बाजूनं उंच, दुसऱ्या बाजूला उतरता, आणि उंच बाजूला भोक पाडून त्यात ओवलेली दोरी, असं माझं रूप. गाडी उभी केली की मला तिच्या चाकाखाली सरकवतात आणि गाडी जागच्या जागी राहते. आयुष्यभर मी एवढंच केलं.

माझा जन्म इंदूरच्या एका कापड मिलमध्ये झाला. त्याआधी बरीच वर्षं मी एका मागाचा आडवा दांडा होतो. माग चालू असला की माझं अंग दिवसभर थरथरत असे. पुढे तो माग मोडला. मिलच्या सुतारखात्यातले बंडू मिस्त्री मला उचलून घेऊन गेले. त्यांनी मला करवतीनं तिरकं कापलं, रंधा मारून गुळगुळीत केलं आणि मिलचा ट्रक चालवणाऱ्या पंचशीलच्या हातात दिलं.

"घे भिया," ते म्हणाले, "असली सागवान आहे. तुझा ट्रक जाईल भंगारात, हा राहील."

मिस्त्री थट्टा करत होते. पुढे तसंच झालं.

पंचशीलचं घर जुन्या इंदुरात, एका अरुंद गल्लीत होतं. तो मिलमधून कापडाच्या गाठी रेल्वेच्या मालधक्क्यावर पोचवत असे. सकाळची पहिली फेरी लवकर असायची, म्हणून ट्रक रात्री घरासमोर उभा करण्याची परवानगी त्याला होती. संध्याकाळी सहाला ट्रक घरासमोर थांबला की खिडकीतून आवाज येई.

"ठोकळा लावला का?"

तो आवाज बाबूरावांचा, पंचशीलच्या वडिलांचा. ते महूच्या छावणीत फौजी ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि ते खिडकीजवळच्या खाटेला खिळले. गाडी उभी केली की चाकाखाली ठोकळा लावायचा, मग तिथे चढ असो वा नसो, ही शिस्त त्यांनीच मुलाला लावली होती.

त्यांची सून अमिता त्यांना चिडवत असे. "बाबा, या गल्लीत पाणी सांडलं तरी वाहत नाही. गाडी कुठे पळून जाणार?"

"घाटात ड्रायव्हर जागा असतो, सूनबाई. सपाटीवर तो बेफिकीर होतो."

"हँडब्रेक असतो ना पण!"

"ब्रेक आत असतो, दिसत नाही. ठोकळा दिसतो. मी दिसेल त्याच्यावर भरवसा ठेवतो."

मग पंचशील हातपाय धुऊन वडिलांना उचलून बाहेर ओट्यावर आणत असे. त्या घरातली ही सगळ्यात मोठी गंमत होती. बाबूराव चांगला हात मुलाच्या गळ्यात टाकायचे, आणि मुलगा त्यांना खुर्चीकडे नेऊ लागला की मागे येणाऱ्या ट्रकला दाखवावी तशी वाट दाखवायचे. "आने दे... आने दे... थोडा लेफ्ट... बस!" आणि खुर्चीत टेकले की स्वतःच हसायचे. दिवे लागेपर्यंत ते ओट्यावर बसत. येणारा-जाणारा त्यांना हाक मारल्याशिवाय पुढे जात नसे. सकाळी कामावर जाण्याआधी पंचशील त्यांना असाच उचलून मोरीवर नेई, अंघोळ घाली. बाबूराव अंगानं दणकट होते. त्यांना कसं उचलायचं ते फक्त पंचशीलला जमत होतं. मी समोर चाकाखाली बसून हे रोज बघत असे. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. पण तेव्हा मला ते कळलं नाही.

मग शहरात जागोजागी नव्या कोल्ड्रिंकच्या रंगीत पाट्या लागल्या, घरोघरी टीव्हीवर नवे चॅनल दिसू लागले, आणि त्याच सुमाराला एका सकाळी मिलच्या गेटला कुलूप लागलं. ट्रक आत जमा करावा लागला. पंचशीलनं मला तेवढं काखेत मारून बाहेर आणलं.

"काय भिया, मिल उचलून नेऊ राहिला काय?" गेटवरचा चौकीदार म्हणाला.

"जेवढी उचलता येईल तेवढी," पंचशील म्हणाला. दोघंही हसले. गेटबाहेर उभ्या असलेल्या बाकीच्या माणसांपैकी कोणी हसलं नाही.

काही महिने घरी बसून गेले. मग एकाच आठवड्यात पंचशीलसमोर दोन कामं आली. एक काम आणलं शेजारच्या दिवाकरजींनी. ते एका शाळेच्या ऑफिसात कारकून होते. "आमच्या शाळेला बस-ड्रायव्हर पाहिजे. सकाळी पोरं आणायची, दुपारी सोडायची. रोज रात्री आपल्या घरी. पक्की नोकरी, कागद हातात मिळेल. पण शनिवारपर्यंत सांग."

दुसरं काम एका ट्रान्सपोर्टवाल्याचं होतं. इंदूर ते मुंबई, रात्रभराचा रस्ता. आठवड्यात एखादा दिवस घरी. कागद वगैरे काही नाही, आज ये, उद्या जा.

तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा? मलाही तसंच वाटलं होतं. पण मिलच्या माणसांचा हिशेब निराळा होता. दर रविवारी ते सगळे बंद गेटसमोर जमत, आणि युनियनचे लक्ष्मीकांतजी एका वहीत त्यांची हजेरी घेत. त्या शनिवारच्या आधीचा रविवार होता. पंचशील मला पिशवीत घेऊनच गेला होता, कारण माझी दोरी बदलायची होती आणि बंडू मिस्त्री तिथेच भेटायचे.

लक्ष्मीकांतजी गेटजवळच्या ओट्यावर चढून म्हणाले, "मिल उघडणार आहे. दिल्लीपर्यंत बात गेली आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्यानं बाहेर पक्की नोकरी धरली, कागदावर सही केली, त्याचं नाव मस्टरमधून कटलं समजा. मिल उघडेल तेव्हा तो गेटबाहेर. आणि हर इतवार हाजिरी, समझे?"

लक्ष्मीकांतजी खोटं बोलत नव्हते. त्यांना स्वतःला ते खरं वाटत होतं. तेही दर रविवारी इस्त्री केलेला शर्ट घालून येत, मिल त्याच दिवशी उघडणार असल्यासारखे.

पंचशील घरी आला आणि म्हणाला, "मी मुंबई रोडचं काम घेतो. चार महिने, फार तर सहा. मिल उघडेपर्यंत."

अमिता पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. "मिलनं तुम्हाला कुलूप दाखवलं, आणि तुम्ही तिच्या मस्टरला जपू राहिले?"

"सोळा वर्षं दिली आहेत मी तिथे. नाव कटलं तर सोळा वर्षं कटली."

"आणि बाबांना कोण उचलणार? मी?"

"बंडू मिस्त्री रिकामेच आहेत. तू आणि ते मिळून."

"मिस्त्रींचं वय बघितलं का? बाबा काय मागाचा दांडा आहेत, मिस्त्रींनी उचलला आणि ठेवला?"

खाटेवरून बाबूराव म्हणाले, "बस घे, पंचशील."

"बाबा, तुम्हीच शिकवलं ना, यादीतून नाव जाऊ द्यायचं नाही? हजेरी चुकवायची नाही? फौजेत काय सांगायचे तुम्ही?"

 हे बाबूरावांनीच शिकवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "ठोकळा सोबत ने."

शनिवार आला आणि गेला. शाळेच्या बसवर दुसरा ड्रायव्हर लागला.

मग माझे रस्त्याचे दिवस सुरू झाले. ट्रक बदलत गेले, पण ठोकळा म्हणून मीच राहिलो. सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट लागतो. तिथे भरलेला ट्रक चढावर बंद पडला की खाली उडी मारून मला मागच्या चाकाशी ठोकावं लागे. एकदा आमच्या मागे एक प्रवाशांनी भरलेली बस उभी होती आणि आमचा ट्रक मागे सरकायला लागला. पंचशीलनं मला चाकाखाली टाकलं. माझ्या अंगात खालपासून वरपर्यंत चीर गेली, पण ट्रक थांबला. बसमधली माणसं खाली उतरली. एका सरदारजी ड्रायव्हरनं मला हातात घेऊन कपाळाला लावलं. माझं एवढं कौतुक आधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

घरी परतताना पंचशील मला पिशवीत घालून आणत असे, कारण गाडीत ठेवलं तर दुसरा कोणी उचलून नेईल. दारात पाऊल टाकलं की खाटेवरून तोच प्रश्न येई, "ठोकळा लावला का?" आणि तो मला पिशवीतून काढून दाखवी. बाबूराव मान हलवत.

पहिल्या काही आठवड्यांतच अमितानं सांगितलं, "परवा मी आणि मिस्त्री बाबांना ओट्यावर नेत होतो. मिस्त्रींचा हात निसटला. दोघंही पडले."

"लागलं का?"

"मिस्त्रींना लागलं. बाबा म्हणाले, आता बस झालं, मला नेऊ नका."

तेव्हापासून बाबूराव ओट्यावर आले नाहीत. पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा झाल्या. पंचशील ज्या दिवशी घरी येई तो दिवस बहुतेक वेळा रविवार असे. आणि रविवारी गेटवर हजेरी असे. तो सकाळी वडिलांच्या जखमा पुसून, औषध लावून घाईनं सायकल काढी. परत येईपर्यंत दुपार उलटलेली असे, आणि ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस दारात उभा असे.

एकदा बाबूराव म्हणाले, "आज ओट्यावर ने मला."

"गेटवरून आलो की लगेच, बाबा."

तो आला तेव्हा ते झोपले होते. त्यांना उठवणं त्याच्या जिवावर आलं. मला वाटतं, ते जागे होते. पण मी पिशवीत होतो, मला नीट दिसलं नाही.

चार महिन्यांची चार वर्षं झाली. एका सकाळी घाटाखाली पंचशीलनं एसटीडीच्या दुकानातून दिवाकरजींच्या घरी फोन लावला. तिकडून निरोप मिळाला. बाबूराव आदल्या दिवशी गेले होते. त्या आठवड्यात घाटात एक टँकर उलटला होता आणि दोन्ही बाजूंना कोसभर गाड्या अडकल्या होत्या. त्या गर्दीत आमचा ट्रकही होता. पंचशील पायी चालत निघाला, थोडा गेला, परत आला. भरलेला ट्रक कोणाच्या भरवशावर सोडणार?

इंदूरला पोचायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. त्यानं माल उतरवला नाही. ट्रक थेट जुन्या इंदुरात आणला आणि घरासमोर उभा केला. सहाच वाजले असावेत. सगळं उरकलं होतं. बुद्धवंदना झाली होती, गल्लीतल्या माणसांनी खांदा दिला होता. खिडकीजवळची खाट रिकामी होती.

पंचशील खाली उतरला. सवयीनं खिडकीकडे बघत थांबला. खिडकीतून काही आवाज आला नाही. तो तसाच आत गेला.

मित्रांनो, त्या दिवशी त्यानं मला लावलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी केबिनमध्ये पायाशी पडून होतो. मला भीती वाटली, आता ट्रक सरकेल, समोरच्या ओट्यावर चढेल. मी रात्रभर वाट बघितली.

ट्रक जराही हलला नाही. सकाळी तो होता तिथेच उभा होता. म्हणजे या गल्लीत माझी गरज कधीच नव्हती. तो प्रश्न माझ्यासाठी विचारला जात नव्हता. बाबूराव मुलगा घरी पोचला का, एवढंच विचारत होते.

मिल उघडली नाही. बऱ्याच वर्षांनी आतली यंत्रं भंगारात निघाली. बाकीचे माग, माझे भाऊबंद, ट्रकांत भरून गेले. गेटवर कामगारांच्या नावांची यादी चिकटवलेली होती. पाऊस-उन्हानं ती पिवळी पडली, पण पंचशीलचं नाव तिच्यावर शेवटपर्यंत वाचता येत होतं. ते कोणीही कापलं नाही. एक दिवस गेटच काढून नेलं, आणि यादीही गेली.

पंचशील गुडघे चालेनासे होईपर्यंत ट्रक चालवत राहिला. दुसरं काम उरलं नव्हतं. आता तो म्हातारा आहे आणि त्याच खिडकीजवळच्या खाटेवर पडून असतो. खाटेचा एक पाय वाळवीनं खाल्ला, म्हणून त्या पायाखाली मला घातलं आहे. माझी चीर रुंद झाली आहे. फार दिवस निघतील असं वाटत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुम्ही शाळेत बसनं जात असाल, तर एकच करा. बस उभी राहिली की उतरताना ड्रायव्हरकाकांना विचारा, "ठोकळा लावला का?" ते हसतील. हसू द्या. रोज विचारा. आणि तुमच्या घरात कोणी तुम्हाला रोज तोच एक प्रश्न विचारत असेल, तर कंटाळू नका. उत्तर द्यायला वेळेवर घरी या.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पंचशील खिडकीकडे कूस वळवतो. गल्लीत आता ट्रक येत नाही. तरी तो हळूच म्हणतो, "लावला, बाबा."

मी खाटेच्या पायाखाली असतो. सपाट फरशीवर, व्यवस्थित लावलेला.