काडीही न उगवलेलं मैदान

"उपट! तिकडे काय बघतोस, तुझ्याच पायाखाली आहे!" क्लेम पास्को ओरडला.

क्लबचा अध्यक्ष स्टाव्हरो गुडघे टेकून गवत उपटत होता. "मैलभर हिरवंगार झालंय, म्हाताऱ्या. दोघांनी काय काय उपटायचं? आणि हे गोल्फचं मैदान आहे रे. लोक गवत लावतात!"

"लावू देत. इथे नाही."

रॅगन्स वेल म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पार पोटातलं, उन्हात भाजून निघालेलं गाव. इथलं मैदान म्हणजे लाल माती आणि दगड. खेळणारा प्लॅस्टिकच्या हिरवळीचा तुकडा बगलेत मारून हिंडायचा, त्यावर चेंडू ठेवून टोला हाणायचा. चेंडू घालवायच्या भोकाभोवती इतरत्र मखमली हिरवळ असते, इथे मात्र तेल पाजलेल्या वाळूचं काळं वर्तुळ. ही वर्तुळं क्लेमची. खाणीतलं काम सुटल्यापासून रोज सकाळी तो दांडा लावलेली फळी ओढून ती आरशासारखी करायचा. फळीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. बायकोनेसुद्धा.

याच तोऱ्यात त्याने ॲडलेडच्या बड्या क्लबला कळवलं होतं, 'या, देशातलं सगळ्यात कोरडं मैदान दाखवतो. गवताची एक काडी सापडली, तर सामन्याचा चषक तुमचा, न खेळता.'

त्यांनी यायचं ठरवलं आणि पाऊस पडला. वर्षानुवर्षं तोंड न दाखवणारा पाऊस तीन दिवस मुक्कामाला राहिला. मागोमाग गवत आलं, फुलंही आली.

शेवटी क्लेमने शेजारून बकऱ्या मागवल्या. त्यांनी रानफुलं हुंगली, नाकं मुरडली आणि क्लबच्या ओसरीवर रचलेले प्लॅस्टिकचे तुकडे एकेक करून फस्त केले.

"हिरवं खातील म्हणालास," स्टाव्हरो म्हणाला, "शब्दाला जागल्या बिचाऱ्या."

इतक्यात पाहुण्यांची बस आली. त्यांच्या कप्तान मिसेस केलवे उतरल्या आणि बघतच राहिल्या. "हे वाळवंट? अहो, आमच्याकडे नळ सोडून एवढं हिरवं होत नाही!" सगळी बस हसली. "काडी कसली मिस्टर पास्को, इथे गंजी लागेल. आणा तो चषक."

क्लेमचे कान लाल झाले. त्याने चषक त्यांच्या हातात दिला. "शब्द म्हणजे शब्द. पण आता चला माझ्याबरोबर."

गुडघाभर फुलांतून तो सगळ्यांना पहिल्या भोकाशी घेऊन गेला. हिरव्या पसाऱ्यात काळंभोर, तुकतुकीत वर्तुळ. कडेपर्यंत गवत आलं होतं आणि तिथेच थबकलं होतं. आत एक काडी नव्हती.

हसणं थांबलं.

"इथे कसं नाही उगवलं?" मिसेस केलवेंनी विचारलं.

"मी आहे ना."

त्यांनी वाकून वाळूवर तळवा फिरवला. "आमच्याकडे यंत्रं आहेत, पगारी माणसं आहेत. एवढं सपाट कधी झालं नाही हो."

तेवढ्यात एक बकरी ऐटीत मधून चालत गेली. खुरांची रांग उमटली. क्लेमने फळी उचलली, पण मिसेस केलवेंनी चषक गवतात ठेवून दिला. "मला द्याल?"

स्टाव्हरोने डोळेच मिटून घेतले.

क्लेमने फळीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग दांडा त्यांच्याकडे केला. "मधून सुरू करायचं. गोल गोल, बाहेर यायचं. आणि येताना आपली पावलंही पुसायची."

त्या मागे मागे सरकत, एकेक पाऊल पुसत बाहेर येईपर्यंत कुणी हललं नाही. क्लेम कडेला ताठ उभा होता, दोन्ही हातांनी बकरीची शिंगं घट्ट धरून.