साहेबांच्या बायकोची ऑडिशन

आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या नाटकात राणी कोण होणार, हे गळा ठरवत नाही, नवऱ्याचा हुद्दा ठरवतो. हे कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्या कॉलनीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक आहे. जनरल मॅनेजरची बायको राणी, डेप्युटीची बायको राजमाता, मॅनेजर लोकांच्या बायका सख्या. आणि नवरा स्टील प्लांटच्या मिलमध्ये मशीनपाशी उभा राहून घाम गाळणारा असेल, तर तुम्ही दासी. पुरुषांचंही तेच. एका वर्षी आमचा राजा इतका विसराळू होता की त्याची अर्धी वाक्यं प्रधानच म्हणून टाकायचा. पण प्रधान हुद्द्यानं खालचा, म्हणून मुकुट काही त्याच्या डोक्यावर गेला नाही.

मी दासी. लग्न होऊन तुमसरहून भिलाईला आले तेव्हापासून दासीच. माहेरी आमची धानाची शेती होती, काका भजनात पेटी वाजवायचे, आणि त्यांच्याजवळ बसून बसून मी गायला शिकले. दर वर्षी मी ऑडिशन देते. दर वर्षी दाणी साहेब मान डोलावून म्हणतात, आवाज आहे हं तुला वंदना, आणि माझ्या हातात चवरी देतात. मग मी अंकभर उभं राहून ती चवरी ढाळते आणि समोर जनरल मॅनेजरीण बाई माझं आवडतं पद गळा दाबल्यासारखं म्हणतात.

दाणी साहेब म्हणजे शामसुंदर दाणी. मंडळाचे अध्यक्ष तेच, दिग्दर्शक तेच आणि नाटककारही तेच. प्लांटमधून मोठ्या खुर्चीवरून रिटायर झाले, पण खुर्ची काही अंगातून गेली नाही. तरुणपणी नागपूरच्या कुठल्याशा स्पर्धेत त्यांना उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, तेवढ्यावर ते आम्हाला आजतागायत अभिनय शिकवत आले आहेत. वासरात लंगडी गाय शहाणी. यंदाचं ‘राणी कनकप्रभा’ हे संगीत नाटक त्यांनीच लिहिलं. त्यातली राणी मरायला अर्धा अंक घेते आणि मरता मरता गातच राहते. पहिल्या अंकातलं एक पद मात्र खरंच सुंदर आहे, कारण त्याची चाल आमच्या पेटीवाल्याची आहे.

यंदा जनरल मॅनेजर रिटायर होऊन बाईंसकट पुण्याला गेले आणि सिंहासन रिकामं झालं. मी ठरवलं, या वेळी असं गायचं की या लोकांना नाही म्हणताच येऊ नये. नवरा फर्स्ट शिफ्टला गेला की मी स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ते पद घोटायची. मला राणीच्या शालूची हौस नव्हती. माझ्या आवाजानं मला एकदा तरी काही मिळवून द्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

आणि नेमका ऑडिशनच्या आदल्या दिवशी प्रवीणचा निकाल लागला. प्रवीण म्हणजे माझा नवरा. इतकी वर्षं कामगार होता, परीक्षा देऊन आता ज्युनिअर ऑफिसर झाला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पेढे आणले, देवापुढं ठेवले. तेवढ्यात मंडळाच्या ग्रुपवर दाणी साहेबांचे गुलाबाचे गुच्छ येऊन पडले. ज्या माणसाला इतकी वर्षं प्रवीणचं आडनाव आठवत नव्हतं, त्यानं त्याला ‘आपल्या परिवाराचा अभिमान’ करून टाकलं. प्रवीण पेढा खात हसला.

“आता पाह्य, तुले राणीच करतीन ते,” तो म्हणाला.

मला ते झोंबलं. मी म्हटलं, करतील तर माझ्या गाण्यावर करतील. त्यानं दुसरा पेढा घेतला.

रविवारी हॉलमध्ये गेले आणि नेहमीसारखी सतरंजीवर बसायला लागले. आमच्याकडे ऑफिसरांच्या बायका सोफ्यावर बसतात आणि बाकीच्या सतरंजीवर. कोणी बसवत नाही, आपोआप बसतात. पण दाणी साहेब स्वतः उठून आले. “वंदनाताई, अहो तिकडे कुठं? इकडे या,” म्हणाले. काल-परवापर्यंत मी नुसती वंदना होते. सोफ्यावर बसताच मला कपबशीतून चहा आला. सतरंजीवर कागदी कप फिरत होते. डेप्युटीच्या बाई सरकून जवळ आल्या आणि मी साडी कुठून घेते हे विचारू लागल्या. ही साडी मी त्यांच्यासमोर निदान चार वेळा नेसले असेन.

माझ्याआधी पायल होती. पायल म्हणजे रुआबांधा बस्तीतल्या भैयालालची मुलगी, दुर्गला कॉलेजात शिकते. भैयालाल प्रवीणच्याच मिलमध्ये ठेकेदाराकडे लेबर आहे, तो दाराशी सायकलला टेकून उभा होता. पोरगी घरात मराठी बोलते, पण शिकली सगळी हिंदीत, त्यामुळे वाक्यं वाचताना अडखळली. आणि मग तेच पद गायला लागली.

माझा चहा तसाच राहिला. जी जागा मला कुकरपुढं उभं राहून महिनाभर जमली नव्हती, तिथं ती पोर सहज गेली आणि सहज परत आली. मला आधी राग आला, कारण ती माझ्याहून चांगली होती. मग राग गेला आणि डोळे भरून आले. दाणी साहेब तेव्हा डेप्युटीच्या बाईंच्या मोबाइलवर त्यांच्या नातवाचे फोटो पाहत होते. गाणं थांबलं तसं मान वर करून म्हणाले, “छान हं बाळ. दासी.”

मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि सोफ्याकडे पाहिलं. मी तोंडही उघडलं नव्हतं, तोवर सगळ्यांचे हात टाळीसाठी तयार होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, बघूच यांना कान आहेत की नाही.

मी मुद्दाम बेसूर गायले. वरची पट्टी सोडून मधलीच कुठली तरी धरली, एक ओळ गिळली, तान घ्यायची तिथं खोकले. पेटीवाल्यानं एकदा चमकून पाहिलं, मग त्याला काय उमगलं कोण जाणे, तोही माझ्या चुकीच्या सुरामागं धावू लागला. मी जिथं पडेन तिथं त्यानं गादी घातली. गाणं संपलं आणि टाळ्यांनी हॉल दणाणला. दाणी साहेबांनी चष्मा काढून डोळे टिपले.

“काय तो दर्द!” ते म्हणाले. “ती जी ओळ तुम्ही मुद्दाम गाळलीत ना, त्यातच सगळी कनकप्रभा आली. ठरलं. राणी मिळाली आपल्याला.”

मला हसू येईल असं वाटलं होतं, पण किळस आली. बायका येऊन माझे हात हातात घेत होत्या. त्या गर्दीत पायलही आली आणि हसून म्हणाली, काकू, एकदम भारी गायल्या तुम्ही.

बाकीच्यांचं मी समजू शकत होते. त्यांना बिचाऱ्यांना सा कळत नाही की रे कळत नाही. पण या पोरीला कळत होतं. मी तिला हाताला धरून व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं, मला खरं काय ते सांग. ती दाराशी उभ्या असलेल्या बापाकडे पाहत राहिली. मी पुन्हा विचारलं.

“काकू, तुम्ही पूरे बेसूर होत्या,” ती हळूच म्हणाली. “पण बाबानं सांगून ठेवलं होतं. प्रवीणभाऊ आता साहेब झाले, काकूले चांगलंच म्हणजो.”

तेव्हा मला कळलं की माझं काय गेलं. आता मी गायले काय आणि रेकले काय, या भिलाईत मला कोणी खरं सांगणार नाही. दासी होते तेव्हा निदान दाणी साहेबांचं अर्धं वाक्य खरं असायचं, की आवाज आहे. आता तेही उरलं नव्हतं.

मी तशीच आत गेले आणि दाणी साहेबांना सांगितलं की राणी पायल करेल, मी नाही. मला वाटलं होतं भांडण होईल. मी भांडायच्या तयारीनंच गेले होते. भैयालालची पोरगी सिंहासनावर, हे या लोकांच्या गळी उतरवायचं म्हणजे काय खायचं काम नव्हतं. पण साहेबांनी हात जोडले. म्हणाले, आपण म्हणता तर पायलच, तरुण रक्ताला वाव द्यायलाच हवा, आपण राजमाता व्हा. डेप्युटीच्या बाईंचा चेहरा पडला, पण त्याही हसल्या. मी विचारलं, तिचं गाणं तुम्ही ऐकलं का हो?

“ऐकायचं काय त्यात,” ते म्हणाले. “तुमची पारख आहे ना.”

बाहेर येऊन मी पायलला सांगितलं. भैयालालनं तिथूनच मला वाकून नमस्कार केला, इतका खाली की मला लाज वाटली. पायल काही वाकली नाही. ती माझ्याकडे बघत उभी राहिली.

“काकू, एक विचारू?” ती म्हणाली. “मी चांगली गायली म्हणून, का तुम्ही बोलल्या म्हणून?”

“तू माझ्याहून चांगली गायलीस,” मी म्हटलं. “त्या हॉलमध्ये इतकं चांगलं कोणीच कधी गायलेलं नाही. माझी शपथ.”

“जी काकू,” ती म्हणाली, आणि मघाशी एकदम भारी गायल्या म्हणताना जशी हसली होती, तशीच हसली. माझ्या शपथेवर तिचा काडीचा विश्वास बसला नव्हता. ती सायकलवर बापाच्या मागं बसली आणि रुआबांध्याकडे निघून गेली.