सर्वांत वरची पायरी

"डोळे गच्च मीट," म्हणत मिस्त्रीने रॉकेलचा डबा उघडला. गॅरेजमधलं, गाडीचे पार्ट धुवायचं रॉकेल. पोर मोरीत अंग चोरून उभी होती.

"बाबा, आग होईल ना!"

"मग उद्या बाई केस कापायला लावतील, ते चालेल?"

पोरीने मुकाट्याने डोळे मिटले. आज बाईंनी तिला अख्ख्या वर्गादेखत वेगळ्या बाकावर बसवलं होतं. उवा काय एकाच घरात जन्मतात? अर्धा वर्ग डोकं खाजवत होता. पण नाव हिचं झालं, कारण हिची वेणी बाप घालतो.

त्या मिटलेल्या पापण्या थरथरताना पाहून मिस्त्रीचा हात थांबला. डबा बाजूला ठेवून त्याने अक्काला फोन लावला.

बायको गेली तेव्हा अक्का म्हणाली होती, "पोर मला दे. तुला नाही झेपायचं." बहिणीला नको नको ते बोलून त्याने घराबाहेर काढलं होतं. आता तिलाच बोलवायचं म्हणजे नाही झेपलं हे कबूल करायचं. आणि ती पोरीला घेऊन गेली तर?

अक्का फणी घेऊनच आली. दारातच तिला वास आला.

"रॉकेल? अरे गाढवा, पोर आहे की इंजिन?"

मागच्या दाराच्या पायऱ्यांवर तिने पोरीला पुढ्यात घेतलं, केस तेलाने चोपडले, बट बट सुटी करून मुळापासून फणी ओढली. "नीट बघ. लिखा राहतात, दोन-तीन दिवसांआड हे तुलाच करायचंय. टॉवेल, अभ्रे गरम पाण्यात टाक."

तुलाच. मिस्त्रीने ऐकलं आणि मान खाली घातली.

"आता तू बस. घरातली सगळी डोकी बघायची असतात."

"मी?"

"नाही, तुझा शेठ! बस. केस उरलेत कुठे म्हणा, उवांना सावलीसुद्धा मिळायची नाही."

पोर फिदीफिदी हसली. अक्काची बोटं टाळूवरून फिरली आणि त्याला लहानपणीच्या सुट्टीच्या दुपारी आठवल्या. अशाच पायऱ्या, चौघं भावंडं एकाखाली एक, प्रत्येकाचं डोकं वरच्याच्या हातात. त्यातले दोघे आता नाहीत. अक्का सर्वांत वर बसायची. तिच्या मागे नुसतं बंद दार.

"अक्का, तुझं डोकं कोण बघायचं गं?"

"माझं?" तिने फणी पुसली. "माझं कोण बघतंय!"

मिस्त्री उठला. नखांतलं काळं निघेना, तरी साबणाने पुन्हा पुन्हा हात चोळले. मग येऊन तिच्या वरच्या पायरीवर बसला आणि तिचा अंबाडा सोडला.