चंद्रावळीवरची घंटी

मार्गशीर्षातली कोवळी सकाळ. वाघोटन खाडीवर धुक्याचं धवल, तलम, ओलसर वस्त्र. त्या वस्त्राआडून हळूहळू सावळत येणारी माडांची रांग. आणि डोंगरउतारावरून समुद्राकडे निघालेली मतलई, ती प्रभातकाळची शीतल, मृद्गंधी, भूमिकन्या हवा. पाणी निश्चल होतं. त्या निश्चल पाण्यावर, ‘चंद्रावळ’ मचव्याच्या कुशीला लागून, रंग उमलत होते. जांभळा, हिरवा, सुवर्णपीत, पुन्हा जांभळा. काय देखणे रंग ते, आणि काय निलाजरे! मचवा हाकणाऱ्या धाकू तांडेलाने ते पाहिले आणि तो पचकन थुंकला. ते डिझेल होतं.

काल होतं, परवा होतं, आजही होतं. मचव्याच्या पोटात साचलेलं पाणी जिवा बादलीने उपसून बाहेर ओतत होता आणि प्रत्येक बादलीसरशी खाडीवर नवं इंद्रधनुष्य पसरत होतं. धाकूची नजर त्या इंद्रधनुष्यावर फार वेळ ठरली नाही. ती गेली जिवाच्या हातांकडे.

हा जिवा कोण? धाकूच्या बायकोचा, शेवंताचा, पाठचा भाऊ. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणून जे काही उरलं होतं ते एवढंच: पाच फुटांचं, तेलकट सदऱ्यातलं, सदा हसतमुख. शिडाखाली वाढलेल्या धाकूने चंद्रावळीच्या पोटात यंत्र बसवलं, तेव्हा ते राखायला त्यानेच मेहुण्याला हौसेनं बोलावून आणलं होतं. शीड धाकूचं, यंत्र जिवाचं, दोऱ्या ओढायला एक खलाशी. कौलं भरायची, खाडीखाडीतून पोचवायची. वारा असेल तोवर शीड, वारा पडला की यंत्र. दोन वर्षं कशी सुखात गेली.

मग आश्विनातल्या एका दुपारी धाकूने सहज म्हणून टाकीत मापाची काठी बुडवली. चार बोटं डिझेल कमी! मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ही पाल अशी की एकदा चुकचुकली ती गप्प बसायलाच तयार नाही. जिवा शीळ घालतो, कशाला घालतो? जिवा बंदरात उतरून चहा पितो, कुणाबरोबर पितो? जिवाने नवी चप्पल घेतली, कुठून घेतली? कुठंतरी पाणी मुरत होतं खास.

तेव्हा धाकूने ती घंटी बांधली.

वासराच्या गळ्यातली इवलीशी पितळी घंटी. टाकीतून यंत्राकडे उतरणारी तांब्याची नळी, त्या नळीवरची तोटी, त्या तोटीच्या मुठीला तारेनं बांधलेली. कुणी चोरून तोटी फिरवली की घंटी वाजणार, चोर सापडणार! जिवाला मात्र सांगितलं, देवीच्या नावाने बांधली आहे. भाबडाच तो. रोज सकाळी यंत्राला हँडल मारण्याआधी त्या घंटीला दोन्ही हात जोडू लागला. हे पाहून तरी धाकूने लाजायचं की नाही? छे. त्याला वाटलं, हात जोडतोय म्हणजे पोटात पाप आहे.

घंटी वाजे. लाट आली की वाजे, लाट गेली की वाजे. समुद्रच तिला वाजवी. आणि धाकू सुकाणूवर बसून, जिवाचा कान करून ऐके. किण. किण किण. दर किणकिणीला त्याच्या काळजात एक टोचणी. खाणंपिणं गोड लागेना.

आणि मग डिझेल खरोखरच सांडू लागलं. भाताला वास, कौलांवर काळपट डाग, तळातल्या पाण्यावर सप्तरंगी तवंग. बंदरात, तोटी बंद असताना नळी पुसून पाहावी तर ठणठणीत कोरडी. समुद्रात शीड चढलं, यंत्र निजलं, जिवा एकटा खाली उतरला की मात्र डिझेल सांडलेलं! चोरून डबा भरताना सांडत असणार, दुसरं काय? आणखी पुरावा तो कसला हवा?

त्या सकाळी शेवंताही मचव्यावर होती. आचऱ्याला मामेबहिणीकडे निघालेली. धाकूने तिला नाळेपाशी, मचव्याच्या पुढच्या टोकाशी नेलं आणि हलक्या आवाजात सांगून टाकलं.

“आज आचऱ्याक तेका उतरयतलंय. गाठोडा बांधून ठेवलंय तेचा.”

शेवंताने वळून पाहिलं. उतरायच्या फळीशेजारी खरोखरच एक गाठोडं होतं, निळ्या काठाच्या चादरीत बांधलेलं. ती चादर तिनेच भावाला दिलेली.

“तेना चोरल्यान ह्या तुमी बघितलात?”

“बघूचा काय तेच्यात? वास येता.”

ती रडली नाही, भांडली नाही. बहिणीसाठी नेत असलेली तांदळाच्या पिठाची पिशवी तिने उचलली.

“मगे आज कोणीच खाली जावचा नाय. मी बसतंय खाली.”

खाडीच्या मुखातून चंद्रावळ बाहेर पडली. मतलईने शीड भरलं. शुभ्र, पृथुल, सूर्यस्नात शीड. मचवा उजव्या कुशीवर कलला आणि निळ्या जळावर धावू लागला. किनारा खडकाळ, यंत्र केव्हा लागेल सांगता येत नाही, म्हणून जिवाने नेहमीप्रमाणे तोटी उघडून ठेवली, घंटीला हात जोडले आणि बहिणीच्या सांगण्यावरून निमूट वर येऊन बसला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. गाठोडं त्याला दिसलं असेल, पण आपलंच ते, हे त्याच्या ध्यानी आलं नव्हतं. तो शीळ घालत होता.

खाली अंधूक उजेड. डिझेलचा, मिठाचा, जुन्या सागवानाचा वास. दारं उंबरे सजवावेत तशा निगुतीनं शेवंताने पीठ भुरभुरलं: टाकीखाली, नळीखाली, यंत्राखाली. शुभ्र, निर्मळ, अनाघ्रात पीठ. त्या शुभ्रतेवर आता तिच्या माहेराचा निकाल लागायचा होता. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि पाहत राहिली. टाकीखाली शुभ्र. यंत्राखाली शुभ्र.

किण, वाजली घंटी. आणि घंटीखालच्या पिठावर एक ठिपका उमटला. किण. दुसरा ठिपका. काळा, गोल, ओला.

तिने हात लांबवून घंटी उचलून धरली. मचवा हलला की घंटीचा पितळी काठ खालच्या तांब्यावर घासत होता. दोन महिने, लाटेमागून लाट, घासतच होता. तिथे नखाएवढी चकचकीत खाच पडली होती, खाचेत सुईएवढं भोक, आणि भोकाशी थेंब धरलेला. तिच्या डोळ्यांतही पाणी आलं.

“अवो, खाली येवा! चोर गावलो!”

धाकूने सुकाणू जिवाच्या हाती दिलं आणि तो तीरासारखा खाली आला. पाहिलं. पिठावर तिसरा ठिपका त्याच्यासमोरच पडला. घंटी, खाच, थेंब. कुणी काही समजावण्याची गरजच नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खोटं बोलता आलं असतं. देवीची घंटी, देवीची इच्छा, म्हणून सुटता आलं असतं. खलाशाकडे सुकाणू सोपवून जिवाही खाली डोकावला होता. त्याने खाच पाहिली, मग घंटी पाहिली.

“भावोजी, घंटी देवीची मां?”

“देवीची नाय रे,” धाकू म्हणाला. “तुझ्यासाठी बांधललंय. तोटी फिरवलंस तर वाजतली म्हणान. चार बोटां कमी भरला होता डिझेल.”

जिवाने टाकीकडे पाहिलं. “माप कधी घेतलात तुमी?”

“सुकतीक. मचवो चिखलात बसललो तेव्हा.”

“मगे टाकी कलंडलली असतली,” जिवा म्हणाला. एवढंच म्हणाला.

म्हणजे मुळात काही गेलंच नव्हतं! ओहोटीला मचवा तिरका बसला, टाकी तिरकी झाली, काठी खोटं बोलली, आणि चाळीस वर्षं भरती-ओहोटीवर जगलेल्या या शहाण्या तांडेलाला तेवढं सुचलं नाही. चोरी नव्हती, गळती नव्हती; चोर धरायला बांधलेल्या घंटीनेच ती गळती कोरून काढली होती.

जिवाने तोटी बंद केली. घंटी सोडली, खिशात टाकली. धुण्याच्या साबणाची वडी कुरतडून भोकात दाबली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळली, तोटी पुन्हा उघडली. पिठावर चौथा ठिपका पडला नाही. पण जिवाची शीळही परत आली नाही.

आचऱ्याच्या धक्क्यावर ऊन सोनेरी पसरलं होतं. फळी पडली, शेवंता उतरली आणि तिथेच थबकली. जिवा फळीपाशी आला, आणि आता त्याने गाठोडं नीट पाहिलं. निळा काठ पाहिला. बहिणीकडे पाहिलं. मग तो ते उचलायला वाकला.

त्याआधी धाकूचे हात पोचले. त्या दांडग्या, खारावलेल्या माणसाने ते गाठोडं छातीशी धरलं.

“जाव नको रे, जिवा. चुकलंय मी.”

धक्क्यावरून शेवंता पाहत होती. जिवाने खिशातून घंटी काढली, मागे गेला, आणि त्याच तारेनं ती सुकाणूच्या दांड्याला बांधली. घट्ट, धाकूच्या हाताशी.

“ऱ्हवांदे ही आता तुमच्याकडे.”

मग तो खाली उतरला. आज त्याने हात जोडले नाहीत. हँडल फिरवलं, यंत्र धडधडू लागलं, आणि धक्क्यावर शेवंताने पदराने डोळे पुसले.

चंद्रावळ निघाली. ती घंटी धाकूला सोडता आली असती, एका झटक्यात समुद्रात भिरकावता आली असती. त्याने सोडली नाही. मागे पाण्यावर जांभळा नव्हता, हिरवा नव्हता, सुवर्णपीत नव्हता. नुसतं निळं, निर्मळ, अथांग पाणी. सुकाणू डावीकडे वळलं. किण. उजवीकडे वळलं. किण. आणि दर वळणाला, मान खाली घालून, धाकू ऐकत राहिला.