सुयुंचूच्या मागची खाट

कालिपाच्या पोटात गोड बातमी टिकत नाही. वाईट बातमी ती दोन-दोन दिवस गिळून बसते, पण मूल जन्मलं की तिला राहवत नाही. आमच्याकडे चांगली खबर सर्वांत आधी पोचवणाऱ्यानं "सुयुंचू!" म्हणून ओरडायचं आणि ऐकणाऱ्यानं त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, रुमाल, मिठाई, जे असेल ते. कालिपा आमच्या प्रसूतिगृहात मदतनीस; पूर्वी ती पायऱ्या धडाधड उतरून फाटकाशी धावायची. आता गुडघे दुखतात, आणि हातात फोन आलाय.

"बाळंतिणीला विचारल्याशिवाय मी कॅमेरा उघडत नाही, सबिरा एजे," असं ती मला नेहमी सांगते; मी इथली मुख्य परिचारिका, म्हणून तिची एजे, म्हणजे ताई. ते खरंही आहे. त्या दिवशीसुद्धा तिनं पहिल्या खाटेवरच्या, मुलगा झालेल्या बाईला विचारलं होतं.

मागच्या खाटेपाशी दोघी होत्या, त्यांना नव्हतं विचारलं.

त्या खाटेवर मेरिम होती, तासाभरापूर्वी जन्मलेली मुलगी छातीशी धरून. शेजारी तिची थोरली बहीण सालकिन उभी, पोट चांगलं पुढे आलेलं. त्या पोटात उशी होती.

सालकिनला मूल होत नव्हतं. दोन मुलींच्या आई असलेल्या मेरिमनं तिसरं बहिणीला द्यायचं कबूल केलं होतं. आमच्यात असं देतात, त्यात कुणी तोंडावर हात ठेवत नाही. दत्तकाचे कागद कोर्टातून व्हायचे होते. पण सालकिनला नुसतं मूल नको होतं, आई व्हायचं होतं. सासूपुढे, गावापुढे, सगळ्यांपुढे. म्हणून हिवाळाभर ती उशी बांधून हिंडली आणि शेवटी दोघी घाट ओलांडून आमच्या गावी आल्या, जिथे त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं. दोघींचे नवरे, आमच्या डॉक्टरीणबाई आणि मी, एवढ्यांनाच ठाऊक होतं. कालिपाला सांगितलं नव्हतं. कालिपाला का नाही, हे सांगायला नको.

दुपारी सालकिन माझ्या खोलीत आली ती फोन पुढे धरूनच.

व्हिडिओत कालिपा हसत होती, "सुयुंचू! सुयुंचू! पैलवान आलाय!" आणि तिच्या खांद्यामागे, क्षणभरच, पाजणारी मेरिम अन् भरल्या पोटाची सालकिन. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'अगं, ही आपली सालकिन ना? मग पाजतेय कोण?'

मी कालिपाला हाक मारली.

"पण मी विचारलं होतं!" ती म्हणाली.

"जिला विचारलंस तिच्या मागे कोण होतं ते बघितलंस?"

"मागे? मागे खिडकी होती..." मग तिनं पुन्हा पाहिलं आणि खाली बसली. "काढते. आत्ता काढते. हे बघा, काढलं."

"तुझ्या फोनमधून काढलंस. सालकिनच्या गावच्या ग्रुपवर सकाळपासून फिरतंय ते कोण काढणार?"

सालकिनचा फोन पुन्हा वाजला. तिनं नाव बघितलं आणि तो माझ्या टेबलावर पालथा ठेवला. सासू. टेबल थरथरत राहिलं.

त्यानंतर दुपारभर मला बसवेना, उभं राहवेना. सालकिन व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत, तेच पोट घेऊन. सोडावं तर काय सोडावं, बांधून ठेवावं तर कुणासाठी? कालिपा पुसलेलीच ट्रॉली पुसत होती. मेरिम मात्र बाळाला क्षणभरही खाली ठेवत नव्हती, आणि मला तिचीच जास्त भीती वाटत होती.

सासू, तोक्तोकान आपा, दिवस कलता कलता आली. बुटांना चिखल, हातात तळलेल्या बोरसोकांची पिशवी. बूट काढले, अंगावर दवाखान्याचा झगा चढवला आणि थेट खाटेपाशी.

"बस ना गं, सालकिन. किती वेळ उभी राहशील ते सांभाळत?"

"एने, मी तुम्हाला..." सालकिन सासूला म्हणाली.

"मला ठाऊक होतं. गाईची धार काढायला बसलीस की तुझं पोट काखेत जायचं."

कालिपाला हसू फुटलं. मी बघितल्यावर तिनं तोंड मिटलं.

"मग बोलला का नाहीत?" सालकिननं विचारलं.

"कशाला बोलू? तू लपवत होतीस, मी न दिसल्यासारखं करत होते. निम्म्या गावानं ओळखलं असेल. पण तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं ना! तेवढ्यावर अख्खा जन्म निघतो, पोरी. आता फोनवर विचारतात, अभिनंदन कुणाचं करायचं?" ती कालिपाकडे वळली. "तूच का ती?"

"हो, आपा. चुकलं माझं. माफ करा."

"मी करीन गं. पण ही पोर शाळेत जाईल आणि कुणीतरी तिला ते दाखवील. तिची माफी कशी मागशील ते ठरवून ठेव."

कालिपा हात झग्यात खुपसून उभी राहिली.

तेव्हा मेरिम बोलली. "एजे, मला वाटलं होतं, तू हिला घेऊन तुझ्या गावी गेलीस की मीही विसरेन. कुणालाच माहीत नसलं की विसरता येतं. शेजारणीला 'जगलं नाही' म्हणणार होते. आता ती विचारेल, बाळ कुठाय? माझ्या पोरी विचारतील. त्यांना काय सांगू?"

"देणार नाहीस?" सालकिन खाटेकडे सरकली.

मेरिमनं सालकिनच्या सासूकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नकोस," तोक्तोकान आपा म्हणाली. "ह्यात मी पडणार नाही."

पहिल्या खाटेवरची बाई भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेत होती.

"देईन," मेरिम म्हणाली. "पण लपवून नाही. नकोशी होती म्हणून दिली नाही, हे तिला माझ्या तोंडून कळलं पाहिजे. आणि उन्हाळ्यात कुरणावर ती माझ्या तंबूत राहील, बहिणींबरोबर."

"मग मी तिची कोण?"

"आई. पण एकटी तूच नाहीस."

सालकिन पाठमोरी झाली. खिडकीशी जाऊन उभी राहिली. हिवाळाभर तिनं जे वाहिलं, ते यासाठी नव्हतं; ते आम्हा सगळ्यांनाच दिसत होतं, आणि कुणाकडेच तिला द्यायला दुसरं काही नव्हतं. मग तिनं झग्याखाली हात घालून गाठी सोडल्या, उशी खुर्चीवर टाकली आणि खाटेच्या कडेवर टेकली.

"उन्हाळ्यात," ती म्हणाली. "पण रात्री तिला माझ्याशिवाय झोप आली नाही तर मला बोलवायचं."

"बोलवीन."

तिनं हात पुढे केले. मेरिमनं बाळ सोडलं नाही.

"पिऊन तरी होऊ दे तिचं."

सालकिननं हात मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. "झालं?" तिनं विचारलं.

"नाही अजून."